पावसाळ्यात घरात पुन्हा पुन्हा येणाऱ्या वाण्या: कारण शोधायचा क्रम

जूनमध्ये दोन-तीन मोठ्या सरी झाल्या की तळमजल्याचे फ्लॅट, रो-हाउस, बागेतले बंगले आणि कोकणातली जांभ्याची घरं, सगळीकडून एकच तक्रार येते. रात्री दिवा लावला की न्हाणीघरात, उंबऱ्यापाशी, ओट्याखाली वाण्या फिरताना दिसतात. झाडून टाकल्या तरी दुसऱ्या रात्री तितक्याच हजर. फवारा मारला की चार दिवस बरे जातात, मग पाऊस येतो आणि पुन्हा तेच.

कोणी यांना पैसा म्हणतं, कोणी मिलीपीड. नाव कुठलंही असो, ही गोष्ट आधी पक्की करून घ्या: वाणी घरात वाढत नाही, ती बाहेरून चालत येते. तिची अंडी, पिल्लं आणि खाणं म्हणजे कुजका पाला, हे सगळं ओल्या मातीत असतं. म्हणून घरातल्या वाण्या मारून हा त्रास संपत नाही. ती राहते कुठे, शिरते कुठून आणि आत तगते कशामुळे, हे तीन प्रश्न सोडवावे लागतात. खालच्या तपासण्या फुकटपासून खर्चिकपर्यंत अशा क्रमाने लावल्या आहेत. मधली पायरी गाळून थेट फवारणीवर उडी मारू नका, पैसे वाया जातात.

लक्षणं

- वाण्या प्रामुख्याने रात्री नऊनंतर पहाटेपर्यंत दिसतात. दिवसा एखाद्या कोपऱ्यात वेटोळं घालून पडलेल्या असतात.
- जोराच्या पावसानंतर संख्या एकदम वाढते, तीन-चार दिवस उघडीप मिळाली की घटते. पाऊस सरल्यावर माती सुकू लागते तेव्हाही काही दिवस पुन्हा येतात.
- सगळ्या घरात नाही, ठरावीक एक-दोन खोल्यांतच जास्त सापडतात.
- सकाळी स्कर्टिंगच्या कडेला किंवा कपाटामागे वाळलेली, हात लावताच तुटणारी वेटोळी मिळतात.
- फरशीवर किंवा जमिनीवर पडलेल्या कपड्यावर पिवळट-तपकिरी डाग पडतो आणि आयोडीनसारखा उग्र वास येतो.

शेवटून दुसरं लक्षण नीट बघा, कारण पुढची अर्धी दिशा त्यावरून ठरते. वाणीच्या कवचावर पाणी धरून ठेवणारा मेणाचा थर नसतो. कोरड्या खोलीत ती एक-दोन दिवसांत सुकून मरते. बेडरूममध्ये फक्त वाळलेल्या वाण्या मिळत असतील, तर खोली कोरडी आहे आणि दोष एखाद्या फटीचा आहे. पण चार दिवस पाऊस नसतानाही आत जिवंत, चालत्या वाण्या दिसत असतील, तर त्या खोलीतच कुठेतरी ओल आहे. मग सातवी तपासणी टाळता येणार नाही.

पहिली तपासणी: ती वाणीच आहे ना?

काडीने हळूच स्पर्श करा. वाणी जागच्या जागी नाण्यासारखं गोल वेटोळं घालते आणि पडून राहते. गोम सुसाट पळते. गोमेचं अंग चपटं, पाय बाजूला फाकलेले आणि प्रत्येक कड्याला पायांची एकच जोडी. वाणीच्या बहुतेक कड्यांना दोन-दोन जोड्या असतात, त्यामुळे पोटाखाली दाट झालर हलल्यासारखी दिसते आणि चाल संथ असते. आपल्याकडे घरात सर्वांत जास्त सापडते ती तांबूस-लाल, गोल अंगाची, दोन इंचांच्या आसपासची. काळ्या अंगाची, कडेने पिवळी असलेली चपटी वाणीही पावसात झुंडीने निघते. तिला गोम समजून लोक घाबरतात, पण ती पळत नाही आणि चावतही नाही.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण गोम चावते आणि ती झुरळं-किडे खायला घरात येते. तिच्यासाठी आधी झुरळांचा बंदोबस्त लागतो.

न्हाणीच्या जाळीपाशी सेंटिमीटरभर लांबीच्या, पाय न दिसणाऱ्या करड्या-काळ्या अळ्या वळवळत असतील, तर त्या वाण्याच नव्हेत. त्या न्हाणीतल्या छोट्या केसाळ माशीच्या अळ्या आहेत आणि त्या जाळीखालच्या बुळबुळीत गाळात वाढतात. तिथे एक लांब ब्रश आणि गरम पाणी पुरतं.

दुसरी तपासणी: शिरण्याची वाट कोणती?

खर्च एका चिकटपट्टीचा. रुंद पट्टी चिकट बाजू वर करून मुख्य दार, मागचं दार आणि गॅलरीचं दार यांच्या आतल्या बाजूला रात्री झोपताना अंथरा. टोकं दुसऱ्या पट्टीने दाबून टाका. न्हाणीच्या जाळीवर प्लास्टिकचा पारदर्शक डबा पालथा घाला आणि वर वजन ठेवा. सिंकखालच्या कपाटात, पाइप भिंतीतून येतो तिथेही एक पट्टी लावा. पाऊस असलेल्या रात्री निवडा आणि लागोपाठ तीन रात्री करा. कोरड्या रात्री काही सापडलं नाही याला अर्थ नसतो.

सकाळी पालथ्या डब्याखाली वाण्या सापडल्या तर वाट न्हाणीची. दारातल्या पट्टीवर सापडल्या तर दाराची. दोन्हीकडे काहीच नाही आणि खोलीत मात्र वाण्या आहेत, तर पाइपभोवतीची फट, फरशीचा सांधा किंवा खिडकीचा ट्रॅक. उंदरांसाठीचे चिकट बोर्ड या कामाला वापरू नका. पाली अडकून मरतात, आणि घरातले किडे कमी करायला पाल उपयोगी आहे.

हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून बहुतेक जण टाळतात, आणि मग दारांच्या फटींना रबरी पट्ट्या लावून होतात तरी वाण्या न्हाणीतून येतच राहतात.

तिसरी तपासणी: भिंतीलगतचा दोन फुटांचा पट्टा

दिवसा बाहेर जा आणि घराच्या भिंतीपासून दोन फुटांत जे काही ठेवलेलं आहे ते उचलून बघा. कुंड्यांचे तळ, रचून ठेवलेल्या विटा, कौलं, नारळाची सोडणं, झावळ्या, सरपण, ओली गोणपाटं, कंपोस्टचा डबा. एका कुंडीखाली पाच-दहा वेटोळी निघाली की मूळ सापडलं असं समजा.

हा दोन फुटांचा पट्टा पूर्ण मोकळा आणि उघडा ठेवायचा. सुकलेला पाला झाडून न्यायचा, भिंतीला टेकवून ढीग करायचा नाही. सरपण आणि विटा दूर, आणि तेही जमिनीपासून वीतभर उंचीवर. कुंड्या भिंतीपासून लांब, लोखंडी स्टँडवर किंवा तीन विटांवर, म्हणजे खाली हवा खेळते आणि तळ सुकतो. झाडांच्या बुंध्याशी आच्छादन करत असाल तर भिंतीजवळच्या वाफ्यात ते दोन इंचांपेक्षा जाड नको. बागेला पाणी संध्याकाळऐवजी सकाळी घाला. संध्याकाळी भिजलेली माती रात्रभर ओली राहते, आणि वाण्यांची हिंडण्याची वेळ तीच.

आता एक चूक, जी नव्या बांधकामांत फार दिसते. बाग सजवताना माती भरत भरत वाफ्याची पातळी जोत्याच्या पातळीला नेऊन भिडवतात, कधी तिच्याही वर नेतात. असं झालं की माती थेट भिंतीच्या गिलाव्याला लागते, ओल भिंतीत चढते आणि वाणीला उंबऱ्यापर्यंत सपाट रस्ता मिळतो. मातीची पातळी जोत्याच्या किमान सहा इंच खाली हवी. फावड्याने काढता येईल तेवढी माती काढा.

तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर वाण्या येत असतील तर जमिनीकडे नंतर बघा, आधी स्वतःच्या कुंड्या तपासा. शेणखत, पालापाचोळ्याचं खत किंवा नर्सरीतून आणलेलं रोप यांतून त्या आलेल्या असतात. संशयित कुंडी बादलीत काठापर्यंत पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. बऱ्याच वाण्या पृष्ठभागावर येतात, त्या गोळा करा. नवीन माती किंवा खत मे महिन्यात आणून प्लास्टिकवर पातळ पसरून तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवलं तर ही भानगड सुरूच होत नाही.

बाहेरचा पट्टा साफ केल्यावर दुसऱ्याच दिवशी फरक दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. आसरा गेलेल्या वाण्या पहिले काही दिवस उलट जास्त भटकतात. खरी घट दिसायला दोन-तीन आठवडे लागतात.

चौथी तपासणी: दारं आणि खिडक्या

रात्री आतले दिवे बंद करा आणि कोणाला तरी बाहेरून दाराच्या तळाशी बॅटरी धरायला सांगा. जिथून उजेड दिसतो तिथून वाणी येते. तीन मिलिमीटरची फट लहान वाणीला पुरते.

दाराच्या मधल्या भागात फट नसतेच बऱ्याचदा. ती असते खालच्या दोन कोपऱ्यांत, चौकट आणि उंबरा जुळतात तिथे. ग्रॅनाइटचा उंबरा नंतर बसवलेला असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना हमखास पोकळी राहते. सुताराने पट्टी लावली तरी हे कोपरे तसेच राहतात, आणि मग पट्टीचा उपयोग नाही असं लोक ठरवून टाकतात. कोपरे आधी सिलिकॉन सीलंटने भरा, मग पट्टीकडे वळा.

पट्टी निवडताना अॅल्युमिनियमच्या पाटीत बसवलेली रबरी पट्टी घ्या. दाराखाली सरकवायच्या, दोन्ही बाजूंनी फोमच्या गुंडाळ्या असलेल्या पट्ट्या स्वस्त असतात, पण न्हाणीघराच्या आणि मागच्या दाराला त्या नकोत. फोम पाणी पितो, पावसाळाभर ओला राहतो आणि वाण्या त्याच्याच खाली बसतात. लाकडी दार पावसात फुगतं, हेही लक्षात ठेवा. मे महिन्यात रबर जमिनीला घट्ट टेकवून बसवलं तर जुलैत दार अडतं आणि घरातलं कोणीतरी वैतागून पट्टी उपटून टाकतं. म्हणून स्क्रूसाठी लांबट खाच असलेली पट्टी घ्यावी, म्हणजे ती दोन-तीन मिलिमीटर वरखाली सरकवता येते.

सरकत्या खिडक्यांच्या अॅल्युमिनियम ट्रॅकमध्ये पाणी बाहेर जायला छोटी भोकं असतात. ती बुजवू नका, पाणी उलटं घरात येईल. भोकांवर स्टेनलेस स्टीलच्या बारीक जाळीचा तुकडा चिकटवा आणि ट्रॅकमधली माती-पानं जुन्या टूथब्रशने काढा. गॅलरीच्या दाराच्या ट्रॅकमधला ओला चिखल हाच कित्येकदा वाण्यांचा मुक्काम असतो.

पाचवी तपासणी: न्हाणी

जाळी उचला. खाली ट्रॅप, म्हणजे पाणी धरून ठेवणारा खोलगट भाग, आहे का आणि त्यात पाणी उभं आहे का, बघा. ट्रॅपमध्ये सुमारे ५० मिलिमीटर पाणी कायम असायला हवं. ते दुर्गंधी अडवतं आणि चालत येणाऱ्या बहुतेक किड्यांनाही. पाहुण्यांच्या न वापरल्या जाणाऱ्या न्हाणीघरात हे पाणी उडून जातं आणि गटारापासून घरापर्यंत वाट मोकळी होते. आठवड्यातून दोनदा तांब्याभर पाणी ओता. महिनाभर गावाला जाणार असाल तर पाणी ओतून वर दोन चमचे खाद्यतेल टाका, पाणी सावकाश उडतं.

जुन्या घरांत आणि चाळींत पुष्कळदा ट्रॅपच नसतो. न्हाणीचं पाणी भिंतीतल्या पाइपने सरळ बाहेरच्या गटारात किंवा केळीच्या आळ्यात जातं, आणि पाइपाचं तोंड उघडं असतं. तिथे बाहेरच्या तोंडाला दोन मिलिमीटर छिद्रांची स्टीलची जाळी क्लिपने बसवा. क्लिप यासाठी की ती दर आठवड्याला काढून केस आणि साबणाचा थर काढावा लागतो. तसं केलं नाही तर न्हाणी तुंबते.

ट्रॅप ठीक असूनही डब्याखाली वाण्या सापडतात तेव्हा दोष बहुधा जाळीच्या चौकटीभोवती असतो. जाळीची फ्रेम आणि टाइल यांच्यामधला सिमेंटचा सांधा झिजलेला असतो आणि वाण्या टाइलखालच्या ओल्या पोकळीतून वर येतात. जुना सांधा खिळ्याने खरवडून काढा, जागा पूर्ण वाळू द्या, इपॉक्सी ग्राउट भरा आणि २४ तास पाणी पडू देऊ नका.

सांधे झिजण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे अॅसिड. वाण्या येतात म्हणून न्हाणीत अॅसिड ओततात, अॅसिड सिमेंटचे सांधे खातं, फटी वाढतात आणि वाण्या आणखी येतात. अॅसिड थांबवा. आणि अॅसिड व ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो.

सहावी तपासणी: पाइप आणि केबलची भोकं

सिंकखालचा पाइप, वॉशिंग मशिनचा ड्रेन, एसीचे पाइप, इंटरनेटची केबल. पाच मिलिमीटरपर्यंतच्या फटीला सिलिकॉन, त्याहून मोठीला १:३ सिमेंट-वाळूचा माल. भांडी घासायची साधी तारेची चोथी कोंबू नका, पावसात गंजून भिंतीवर ओघळ येतात. ओल्या पृष्ठभागावर सिलिकॉन धरत नाही, म्हणून भर जुलैत केलेलं काम पंधरा दिवसांत सुटतं. हे काम मे महिन्याचं. पावसातच करावं लागलं तर जागा कापडाने पुसून, हेअर ड्रायरने सुकवून दोन भागांची इपॉक्सी पुट्टी भरा.

स्वयंपाकघरात गॅससाठी ठेवलेलं हवेचं भोक बंद करायचं नाही, त्यावर फक्त जाळी लावायची. गॅसच्या पाइपभोवतीच्या फटीलाही स्वतः हात लावू नका.

सातवी तपासणी: खोलीतली ओल

जिवंत वाण्या आत टिकत असतील तर ही तपासणी करा. दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक संशयित भिंतीवर किंवा फरशीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने सीलबंद लावा आणि २४ तास ठेवा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून किंवा जमिनीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला जमले तर ती हवेतली वाफ आहे.

हवेतली असेल तर एक्झॉस्ट फॅन, कपाटं भिंतीपासून तीन-चार इंच पुढे, ओले कपडे त्या खोलीत वाळत न घालणं, जमिनीवरचे पुठ्ठ्याचे खोके उचलणं, एवढ्याने फरक पडतो. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवा इतकी दमट असते की उघड्या खिडक्यांच्या घरात खोली कोरडी ठेवणं जमतच नाही. तिथे सगळा भर फटी बुजवण्यावर द्या.

भिंतीतून येत असेल तर बाहेर बघा. पागोळ्या किंवा गच्चीचा पाइप जोत्याशीच पाणी टाकतोय का? पाइपाला एल्बो लावून पाणी किमान तीन फूट दूर सोडा. घराभोवती सिमेंटची फरसबंदी असेल तर तिचा उतार बाहेरच्या बाजूला हवा, तीन फुटांत दीड इंच तरी. खचून आत उतार झाला असेल तर गवंडी लागेल.

फवारणी आणि घरगुती उपाय

वर सांगितलेलं केल्यावरही रोज मोजण्यापलीकडे वाण्या येत असतील तर फवारणीचा विचार करा. डेल्टामेथ्रिनसारखं घरगुती वापरासाठी परवानगी असलेलं औषध लेबलवर दिलेल्या प्रमाणातच, आणि बाहेरच्या बाजूने, उंबरे व जोत्याच्या कडेला. पुढचे किमान काही तास पाऊस नसेल तेव्हाच. विहीर, ओढा, माशांची टाकी जवळ असेल तर अजिबात नको, ही औषधं माशांना घातक आहेत. मुसळधार पावसात असर धुऊन जातो, म्हणून फवारणी एकट्याने कधीच पुरत नाही.

मीठ टाकू नका. मीठ हवेतलं पाणी ओढतं, फरशी ओली राहते आणि भिंतीला लोणा लागतो. रॉकेल नको, आगीचा धोका आहे. चुन्याची रेघ पहिल्या सरीत वाहून जाते आणि कळीचा चुना मुलांच्या हाताला, डोळ्याला भाजतो. शेतीच्या दुकानातली दाणेदार कीटकनाशकं तर घराभोवती टाकूच नका, कुत्री, मांजरं आणि पक्षी बळी पडतात. विदर्भ-मराठवाड्यात वाणी सोयाबीन-कपाशीची कोवळी रोपं कुरतडते, तिथल्या शेतातला उपाय घरात आणायचा नसतो.

आलेल्या वाण्या चिरडू नका. झाडूने सुपलीत घेऊन साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका. वाणीच्या अंगातून निघणारा द्राव कातडीवर तपकिरी-काळा डाग पाडतो, कधी फोडही येतात. डाग काही आठवडे राहू शकतो. बूट न झटकता पाय घातला की हे हमखास होतं, त्यामुळे मुलांचे शाळेचे बूट आणि गमबूट पावसाळाभर झटकूनच द्या. डाग पडल्यास साबण आणि भरपूर पाण्याने धुवा. लहान मुलाच्या बोटावरचा असा काळा डाग डॉक्टरांनाही गंभीर काही वाटू शकतो, म्हणून घरात वाण्या आहेत हे आवर्जून सांगा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

द्राव डोळ्यात गेला: १५ मिनिटं स्वच्छ पाण्याने डोळा धुवा आणि लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जा. चोळू नका, घरातले थेंब घालू नका.

न्हाणीजवळच्या टाइल ठोकल्यावर पोकळ वाजतात, सांध्यांतून माती वर येते किंवा फरशी दबते: खालचा पाइप किंवा चेंबर फुटलेला असू शकतो. प्लंबर बोलवा, वरून सीलंट लावून झाकू नका.

प्लास्टिकच्या तपासणीत ओल भिंतीतून येते आणि गिलाव्याचे पोपडे जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सुटतात: वॉटरप्रूफिंग जाणणारा इंजिनिअर हवा. पेस्ट कंट्रोलवाला इथे काही करू शकत नाही, रंगारीही नाही.

स्विचबोर्डातून किंवा वायरिंगच्या पाइपमधून वाण्या निघतात: तिथे काहीही फवारू नका, पाणीही लागू देऊ नका. मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. भिंतीतल्या पाइपमध्ये पाणी शिरलेलं असू शकतं.

गॅसच्या पाइपभोवती मोठी फट आहे: गॅस कंपनीचाच माणूस.

वाण्यांचं मूळ सोसायटीच्या बागेत किंवा सामाईक चेंबरमध्ये आहे: कमिटीला फोटोसह लेखी कळवा आणि मातीची पातळी, चेंबरचं झाकण व पाल्याचा ढीग यांचा नेमका उल्लेख करा. एका फ्लॅटच्या फवारणीने हे सुटत नाही.

बाहेरचा पट्टा साफ होऊन तीन आठवडे झाले, फटी भरल्या, तरी रोज रात्री डझनांनी येतात: आता पेस्ट कंट्रोल. येणाऱ्याकडे कीटकनाशक कायदा १९६८ खालचा परवाना आहे का विचारा. औषधाचं नाव, प्रमाण आणि किती तास मुलांना-प्राण्यांना दूर ठेवायचं हे कागदावर घ्या. बाहेर न बघता फक्त खोल्यांत फवारून द्यायला तयार असेल, तर दुसरा माणूस शोधा.